लीद उचलणारा आणि मांड ठोकणारा

शाळेत आम्हांला एक कोडे घालीत. घोडा का अडला? पान का सडले? भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. सारा वर्ग हे उत्तर ओरडून सांगत असे. वर्गात आम्ही चौघे महारवाड्यातले होतो. भाकरी आम्हांला ठाऊक होती, पानही ठाऊक होते. घोडा मात्र वाड्यासमोर बांधलेला असे आणि त्याची लीद काढायला माझा चुलता जात असे. चुलत्याने त्या घोड्याला बारा वर्षे खरारा केला, पाणी पाजले, त्याच्या खुरांतले खडे काढले. त्या घोड्यावर तो एकदाही बसला नाही. बसावे असे त्याला वाटले होते की नाही, हे विचारण्याचे माझ्याही कधी मनात आले नाही.

१९७४ साली माझ्या थोरल्या भावाचे लग्न झाले. तो मॅट्रिक झालेला, नोकरीला लागलेला. त्याने हौसेने तालुक्याहून घोडा भाड्याने आणला. वरात वेशीपाशी अडवली गेली. मारहाण झाली नाही. वीस-पंचवीस माणसे नुसती आडवी उभी राहिली. भाऊ खाली उतरला आणि चालत गेला. घोडेवाल्याला भाडे मात्र पुरे द्यावे लागले.

हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने घोड्यांच्या संगतीत मुलांना शिकवण्याच्या पद्धतीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. घोडा हे सरंजामी ऐश्वर्याचे चिन्ह आहे. त्याच्याशी दलित चळवळीतल्या कार्यकर्त्याचे काय देणे-घेणे, असेही कुणी विचारील. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण मी सव्वीस वर्षे शिक्षकी केली, त्यांतली काही वर्षे एका मागासवर्गीय वसतिगृहाचा गृहपाल म्हणून काढली, आणि त्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. तिचा उलगडा मला फार उशिरा, फिलाडेल्फियातल्या काळ्या मुलांविषयी वाचताना झाला. म्हणून हे टिपण.

चूक अशी. १९८९ साली वसतिगृहात नववीतला एक मुलगा होता. भांडखोर. दोनदा खिडकीच्या काचा फोडल्या, एकदा स्वयंपाक्याच्या अंगावर धावून गेला. उन्हाळ्यात आमच्याकडे बैलगाडीवरून पाण्याची टाकी येई. गाडीचा एक बैल मारका होता. गाडीवानही त्याला जपून असे. हा मुलगा मात्र रोज सकाळी जाऊन तो बैल सोडी, त्याला सावलीत नेई, त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राही. बैल निमूट असे. मी हे वर्हांड्यातून पाहत होतो. अभ्यास टाळण्याचा हा बहाणा आहे, असे मी ठरवले आणि एक दिवस त्याला गाडीपाशी जायची बंदी केली. पुढे महिन्याभरात त्याने पुन्हा मारामारी केली. मी त्याच्या नावापुढे ‘वर्तन असमाधानकारक’ असा शेरा मारला आणि त्याला घरी पाठवले. तो कोठे गेला, याची मी चौकशी केली नाही.

*

आता मूळ विषयाकडे वळू. ‘अश्वसाहाय्यित शिक्षण’ असे या पद्धतीचे जड भाषांतर करता येईल. गोष्ट साधी आहे. ज्या मुलांचे शाळेत, घरात, वस्तीत बिनसले आहे, ज्यांना पोलिसांची किंवा टोळ्यांची वाट जवळची झाली आहे, अशा मुलांना घोड्याची निगा राखायला, त्याला चालवायला, कधी त्याच्यावर बसायला शिकवायचे. आणि त्या कामातून स्वतःवर ताबा, दुसऱ्याचे मन ओळखणे, चिकाटी, जबाबदारी या गोष्टी अंगी आणायच्या.

येथे तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली जाते, ती टाळली पाहिजे. पहिली, शारीरिक उपचारासाठी घोड्याचा उपयोग. घोड्याच्या चालीने स्वाराच्या कमरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या चालण्यासारखी असते, म्हणून अपंग रुग्णांसाठी तज्ज्ञ तिचा उपयोग करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. त्यांच्या उदाहरणाने युरोप-अमेरिकेत या उपचाराला मोठी चालना मिळाली. १९६९ साली इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट मानसोपचाराची. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेच्या पद्धतीत मूल घोड्यावर बसतच नाही. जमिनीवरच काम चालते आणि सोबत एक मानसोपचारतज्ज्ञ व एक घोड्यांचा जाणकार असतो. तिसरी गोष्ट शिक्षणाची. तिच्यात मूल रुग्ण नसते. ते शिकाऊ असते. माझा विषय ही तिसरी गोष्ट आहे.

मग घोडाच का? कुत्रा, शेळी, बैल का नाही? याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात आहे.

घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. हजारो वर्षे तो पळून जगला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून घोड्याकडे मागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने जावे, हा पहिला धडा असतो. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. कान मागे चपटे झाले तर तो चिडला आहे, सैल पडले तर निवांत आहे. कळपात जगणारे जनावर असल्याने शेजाऱ्याच्या अंगातली भीती किंवा राग ओळखण्यावर त्याचे जगणे अवलंबून राहिले. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की रागावलेल्या माणसाचे नुसते छायाचित्र पाहूनही घोड्याच्या हृदयाचे ठोके लवकर वाढतात.

याचा अर्थ असा की, चारशे-पाचशे किलो वजनाच्या या जनावरासमोर चाळीस किलोचे पोर उभे राहिले तर दांडगाईचा काही उपयोग होत नाही. ओढाताण केली तर घोडा मान वर करून मागे सरतो. ओरडले तर बिथरतो. मुलाच्या मुठी आवळलेल्या असल्या, श्वास वर लागलेला असला, तर मुलाच्या आधी घोड्याला ते कळते. मास्तराने ‘शांत हो’ म्हणून दहा वेळा सांगितल्याने जे होत नाही, ते तेथे मुलाला स्वतःच करावे लागते. कारण त्याशिवाय घोडा पाऊल टाकीत नाही.

शिकवण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. दोराला हलका ताण द्यायचा आणि घोड्याने एक पाऊल पुढे टाकताच तो ताण त्याच क्षणी सोडायचा. घोडा शिकतो तो ताण सुटल्यामुळे. सोडायला उशीर झाला तर आपण काय बरोबर केले हे घोड्याला कळत नाही. हे वाचताना मी थबकलो. आमच्या साऱ्या शाळांची, वसतिगृहांची, पोलीस चौक्यांची रीत ताण देण्याची आहे. मुलाने एक पाऊल योग्य दिशेने टाकले तर हात सैल करायचा असतो, हे आम्हांला कुठल्या प्रशिक्षणात शिकवले गेले?

घोडा भिऊन बाजूला सरला तर ते पोराच्या जातीमुळे किंवा रंगामुळे नसते. त्याने यापूर्वी काय गुन्हा केला हे घोड्याला ठाऊक नसते. पोराचा या क्षणीचा हात कसा आहे, एवढेच तो पाहतो. माणसांच्या जगात ज्याच्या आधी त्याचा शेरा पोहोचतो, त्या मुलाला ही गोष्ट केवढी वाटत असेल!

*

पण घोड्याच्या स्वभावावर सारे श्रेय टाकले तर आपण अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. चुलत्याच्या हाताखालीही घोडा शांतच असे. त्याचे त्याला काय मिळाले? घोड्याच्या पायाशी कोण आणि पाठीवर कोण, हा प्रश्न सत्तेचा आहे. अमेरिकेचा इतिहास याला साक्ष आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात तबेल्यांचे काम काळ्या गुलामांकडे होते. घोड्यांना वाढवणारे, फिरवणारे, शर्यतीत पळवणारेही बहुतांशी तेच. १८७५ साली केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत प्रथम झाली, तेव्हा पंधरा स्वारांपैकी तेरा काळे होते. जिंकला तो ऑलिव्हर लुइस, काळा. जिंकणाऱ्या घोड्याला तयार करणारा अँसेल विल्यमसन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस. पुढे आयझॅक मर्फी या काळ्या स्वाराने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा ही शर्यत जिंकली. जिमी विंकफिल्डने १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोनदा.

त्यानंतर आजतागायत एकाही काळ्या अमेरिकन स्वाराला ती जिंकता आली नाही. कौशल्य काही एका रात्रीत आटले नव्हते. शर्यतीत पैसा आणि कीर्ती आली, वंशविभाजनाचे कायदे आले. गोरे स्वार संगनमत करून काळ्या स्वारांना धावपट्टीच्या कठड्यावर रेटू लागले, मालक त्यांना घोडे देईनासे झाले. काळा माणूस तबेल्यात राहिला. खोगिरावरून मात्र त्याला उतरवले गेले. विंकफिल्ड रशियात गेला, तेथे आणि पुढे फ्रान्समध्ये त्याने नाव कमावले. १९६१ साली डर्बीच्या निमित्ताने एका मेजवानीला त्याला सन्मानाने बोलावले होते. लुइव्हिल शहरातल्या त्या हॉटेलच्या दारात त्याला सांगण्यात आले की पुढच्या दाराने तुला आत येता येणार नाही. वेशीवरून उतरून चालत गेलेला माझा भाऊ मला येथे आठवल्याशिवाय कसा राहील?

हे साम्य मी ओढूनताणून आणलेले नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, ते दोन्हीकडच्या दुःखाची जात ओळखूनच. आणि घोड्याचा प्रश्न आपल्याकडे इतिहासजमा झालेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळतो, घोड्यावर बसतो, या रागातून तो झाला असे त्याच्या वडिलांनी सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला सवर्णांच्या वस्तीतून आपली वरात नेण्यासाठी महिनोन्‌महिने कचेऱ्या आणि न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले, आणि अखेर पोलीस बंदोबस्तात ती निघाली.

*

या पार्श्वभूमीवर फिलाडेल्फियातला प्रयोग पाहिला पाहिजे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या या शहरात काळ्यांच्या काही वस्त्या दारिद्र्य, अमली पदार्थ आणि बंदुका यांनी पोखरलेल्या आहेत. शहरात फेअरमाउंट पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथल्या एका तबेल्यात लेझली हायनर या बाईंनी १९९४ साली ‘वर्क टू राइड’ हा उपक्रम सुरू केला. नावातच सारे सूत्र आहे : काम करा आणि त्या बदल्यात स्वारी करा. सात ते एकोणीस वर्षांची, गरीब घरांतली मुलेमुली तेथे येतात. पैसे नाहीत म्हणून श्रम द्यायचे. शाळेतली प्रगतीही राखावी लागते.

काम म्हणजे काय? एक घोडा दिवसाला साधारण वीस किलो लीद टाकतो. ती फावड्याने उचलायची, ओले झालेले अंथरूण बदलायचे, पाणी भरायचे, गवत टाकायचे. घोड्याचे पोट लहान; त्याला थोडे थोडे पण सतत खावे लागते, आणि खाण्यात हयगय झाली तर पोटशूळ होऊन तो दगावू शकतो. मग खरारा, आयाळ विंचरणे, एकेक खूर उचलून आकडीने साफ करणे. खूर उचलू देणे ही घोड्याच्या लेखी मोठी गोष्ट आहे. पळण्याचे साधनच तो तुमच्या हाती देतो. हे रोज, थंडीत, बर्फात, सुट्टीच्या दिवशीही. घोड्याला रविवार नसतो. ज्या पोराला सकाळी उठवणारे घरी कोणी नाही, ते पोर घोडा उपाशी राहील म्हणून उठते. कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव त्याला पहिल्यांदाच होते.

आणि मग येते स्वारी. तीही साधीसुधी नव्हे. या मुलांना तेथे पोलो शिकवला जातो. पोलो म्हणजे राजेरजवाड्यांचा, अब्जाधीशांचा खेळ. त्याचे आजचे रूप ब्रिटिशांनी मणिपुरात पाहून उचलले आणि जगभर नेले. आपल्याकडे तो संस्थानिकांच्या मैदानांवर वाढला. त्या मैदानाच्या आत आपला शिरकाव झाला असेल तर तो मोतद्दार म्हणून. फिलाडेल्फियाच्या या पोरांच्या तीन जणांच्या संघाने २०११ साली अमेरिकेची आंतरशालेय पोलो स्पर्धा जिंकली. संपूर्णपणे काळ्या खेळाडूंच्या संघाने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या संघातला करीम रॉसर हा पश्चिम फिलाडेल्फियातल्या ‘द बॉटम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतला. द बॉटम म्हणजे तळ. वस्तीचे नावच बोलके आहे. पुढे तो कोलोराडो राज्य विद्यापीठात शिकला, तेथल्या संघाला २०१५ साली आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवून दिले, आणि २०२१ साली त्याने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले.

यशाची ही कथा सांगून थांबणे सोपे आहे. पण तसे करणे अप्रामाणिक ठरेल. याच उपक्रमात वाढलेल्या, पोलो खेळणाऱ्या एका किशोरवयीन मुलीचा २००३ साली तिच्या आईसह खून झाला. तबेल्यात कितीही प्रेम असले तरी मूल संध्याकाळी त्याच वस्तीत परत जाते. घोडा गोळी अडवीत नाही. वस्तीत बंदुका कुणी आणल्या, कामधंदे कुणी नेले, शाळा कुणी ओस पाडल्या, याची उत्तरे तबेल्यात मिळणार नाहीत; ती राजकारणातच शोधावी लागतील.

*

त्याच शहराच्या उत्तर भागात फ्लेचर स्ट्रीट आहे. तेथली गोष्ट मला अधिक विचारात पाडते. एके काळी फिलाडेल्फियात दूध, भाजी, धुण्याचे कपडे घोडागाड्यांवरून घरोघर जात, आणि त्या गाड्या हाकणाऱ्यांत पुष्कळ काळे होते. मोटारी आल्या, गाड्या गेल्या, पण घोडे पाळण्याची रीत काळ्यांच्या वस्तीत टिकून राहिली. गल्लीतल्या लहानशा तबेल्यांत म्हातारी माणसे घोडे ठेवीत आणि आजूबाजूची पोरे तेथे येऊन काम करीत, शिकत. एलिस फेरेल या वृद्ध घोडेस्वाराने २००४ साली या परंपरेला संस्थेचे रूप दिले. या तबेल्यांवरून सुचलेली ‘घेटो काउबॉय’ ही कादंबरी २०११ साली आली, तिच्यावरचा चित्रपट २०२१ साली नेटफ्लिक्सवर जगभर दाखवला गेला. पण ज्या मोकळ्या जागेवर हे घोडे फिरवले जात, ती जागा मात्र त्यांच्या मालकीची नव्हती. ती बांधकामासाठी गेली. चित्रपट जगाने पाहिला आणि घोड्यांना फिरायला मैदान उरले नाही.

हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे बाहेरून आलेल्या गोऱ्या बाईंनी तळमळीने उभा केलेला, देणगीदारांच्या बळावर चालणारा उपक्रम. दुसरीकडे वस्तीनेच पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, पण पायाखाली हक्काची जमीन नसलेले तबेले. हायनरबाईंच्या कामाविषयी मला आदर आहे. त्यांनी मुलांना दयेचे पात्र केले नाही, श्रमाचा मोबदला दिला. तरीही ज्या समाजाची मुले आहेत, त्याच्या हाती साधने कधी येणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन शहरात मायिशा अकबर या काळ्या बाईंनी १९८८ साली मुलांना टोळ्यांपासून दूर ठेवण्यासाठी घोड्यांचा असाच उपक्रम सुरू केला, तो रिचलंड फार्म्स या भागात. त्या भागात घरामागे जनावरे पाळण्याची मुभा पूर्वीपासून राखलेली आहे, म्हणून तो मूळ धरू शकला. तेथे वाढलेल्या तरुणांपैकी काही जण २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, घोड्यांवर स्वार होऊन निषेध मोर्चात उतरले. ज्या पोरांना ‘सुधारायला’ तबेल्यात आणले होते, ती व्यवस्थेला जाब विचारायला त्याच घोड्यांवरून बाहेर पडली. शिक्षणाची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

*

आता या पद्धतीविषयी दोन सावधगिरीच्या गोष्टी.

एक म्हणजे, पुराव्याची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात पाचवी ते आठवीच्या मुलांवर शिस्तशीर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा दीड तास, असे अकरा आठवडे मुले घोड्यांसोबत राहिली. ज्यांना अजून संधी मिळाली नव्हती अशा मुलांशी तुलना करता त्यांच्या लाळेतले ताणाचे संप्रेरक कमी आढळले. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. पण त्याच वर्षी काही मानसशास्त्रज्ञांनी घोड्यांच्या साहाय्याने केलेल्या मानसोपचारांवरचे उपलब्ध संशोधन तपासून असाही निष्कर्ष काढला की बहुतेक अभ्यास सदोष आहेत आणि मानसिक आजार यामुळे बरे होतात असे म्हणायला आधार नाही. म्हणून कोणी ‘घोडा आणा आणि मुले सुधारा’ असे दुकान मांडले तर त्यापासून दूर राहावे. घोडा हा बाबा-बुवा नव्हे.

दुसरी गोष्ट शब्दाची. या मुलांना तिकडे ‘धोक्यात असलेली मुले’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘धोकादायक मुले’ असा होतो. आपण हे ओळखले पाहिजे, कारण या देशात १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून साऱ्या जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली तो कायदा गेला. पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर गेली नाही. धोका मुलात असतो की त्याच्या भोवती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मी १९८९ साली तो विचारला नाही.

*

मग आपण वसतिगृहांतून घोडे बांधावेत काय? मी तसे सुचवीत नाही. घोडा पोसणे खर्चाचे आहे, आणि आमच्या अनेक वसतिगृहांत मुलांच्याच जेवणाची रड असते. प्रश्न सूत्र उचलण्याचा आहे.

येथे एक आक्षेप मला माझ्याच लोकांकडून अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. जनावरांची घाण काढणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे शतकानुशतके आमच्यावर लादली गेली. ती सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आम्ही ती सोडली. आता शिक्षणाच्या नावाखाली पुन्हा आमच्याच पोरांच्या हाती फावडे देणार काय? याला माझे उत्तर असे की, फावडे कोणाच्या हाती आहे एवढ्यावर कामाचा अर्थ ठरत नाही. लीद उचलणारा एक आणि मांड ठोकणारा दुसरा, अशी वाटणी असते तेथे ते काम गुलामगिरीचे असते. जो लीद उचलतो तोच मांड ठोकतो, तेथे ते शिक्षण होते. चुलत्याने बारा वर्षे केलेले काम आणि करीम रॉसरने केलेले काम हातांच्या हालचालीपुरते एकच होते. फरक होता तो काम संपल्यावर काय होणार याचा.

तेव्हा कसोटी ही. ज्या कोणत्या उपक्रमात मुलाला श्रम करायला लावले जातात, तेथे त्या श्रमाचे फळ, त्यातले कौशल्य आणि त्यातली प्रतिष्ठा त्याच मुलाच्या हाती येते काय? वसतिगृहात बाग लावली तर तिच्या भाजीचा हिशेब मुलांकडे असावा. शेळ्या पाळल्या तर त्या मुलांच्या नावावर असाव्यात. वर्गात सर्वांत दांडगट ठरलेल्या मुलाकडे जिवंत असे काहीतरी सोपवावे. बक्षीस म्हणून नव्हे आणि शिक्षा म्हणून तर नव्हेच. आणि त्याने एक पाऊल बरोबर टाकले की दोर सैल सोडावा. एवढे करायला अमेरिकेला जावे लागत नाही, फक्त आपली शेऱ्यांची वही काही दिवस मिटून ठेवावी लागते.

मारक्या बैलाजवळ उभा राहणाऱ्या त्या मुलाला जे येत होते, ते त्या वसतिगृहात मला धरून कुणालाच येत नव्हते. त्याला त्या जनावराची भाषा कळत होती, आणि मी ती त्याच्या चुकांच्या यादीत घातली. तो आज पन्नाशीत असेल. त्याची माफी मागण्याचा मार्ग मला उरलेला नाही. पण वसतिगृहांतून, आश्रमशाळांतून आणि निरीक्षणगृहांतून आज जे शिक्षक आणि कार्यकर्ते काम करीत आहेत, त्यांच्यासमोर असा एखादा मुलगा या क्षणी उभा असणार. त्याला काय येते हे त्यांनी आधी पाहावे. ज्यांनी अशा मुलांच्या हाती जबाबदारी देऊन पाहिली असेल, त्यांनी यश आले असो वा अपयश, आपले अनुभव लिहून काढावेत. या विषयावर आपल्या भाषेत आपल्या लोकांनी लिहिलेले फार थोडे आहे, आणि ते आपल्यालाच लिहावे लागणार आहे.